हवापालटाचे ऋण

रायपूरचा उन्हाळा असह्य झाला, की आम्हां परस्थ मंडळींस अमरकंटकाची आठवण होते. बिलासपूर मागे टाकून गाडी सालवनातून वर चढते आणि पेंड्रारोड येते. क्षयरुग्णांचे आरोग्यधाम म्हणून हे स्थळ एके काळी दूरवर ठाऊक होते. रवींद्रनाथ आपल्या रुग्ण पत्नीस घेऊन येथे आले व येथेच ती निवर्तली, असे या भागात श्रद्धेने सांगतात. पुराव्यादाखल ‘पलातका’ (१९१८) या संग्रहातील ‘फाँकि’ ही कविता पुढे करतात.

मृणालिनीदेवींचे निधन १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास झाले. तेव्हा या कवितेस चरित्र मानता येत नाही. परंतु आमचा आक्षेप निराळा आहे. चरित्राच्या शोधात कवितेचे मर्मच हातचे निसटते. हवापालटास निघालेली विनू बिलासपूर स्टेशनात थांबते. तेथील हमालाची बायको रुक्मिणी मुलीच्या लग्नासाठी पंचवीस रुपये मागते. विनू ते द्यावयास सांगते. पती मात्र रुक्मिणीस धमकावून दोनच रुपये देतो. विनू पुढे समाधानाने मरते. तो परत येतो, तो रुक्मिणी गाव सोडून गेलेली!

याच पेंड्र्याशी आपल्या माधवराव सप्रे यांचे नाते आहे. मराठी घरातील या संपादकाने जानेवारी १९०० मध्ये येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. त्यातच १९०१ साली त्यांची ‘एक टोकरीभर मिट्टी’ ही कथा आली. विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदारास मातीची एक टोपली उचलवत नाही. तो वरमतो व झोपडी परत करतो. कथेचा हेतू थोर, पण हा पश्चात्ताप फार सोयीस्कर वेळी येतो. रवींद्रनाथ ती सवलत देत नाहीत. त्यांच्या नायकाचे कर्ज फिटतच नाही. म्हणून कलाकृती या नात्याने ‘फाँकि’ आम्हांस श्रेष्ठ वाटते.

तथापि सप्रे यांची एक गोष्ट विसरता येत नाही. ते येथे हवा खाण्यास आले नाहीत; येथील वाचकांसाठी, येथील भाषेत त्यांनी लिहिले. बदलीच्या हुकुमाबरोबर येणाऱ्या व जाणाऱ्या आम्हां मराठी जनांनी या प्रांताच्या हाती दोन रुपये ठेवले की पंचवीस, हा हिशेब गाडी सुटण्यापूर्वीच केलेला बरा.