लाल पेनाचा हेतू

प्रश्न साधाच आहे. तत्त्वज्ञानाच्या पेपरात दीर्घोत्तराला 15 पैकी 7 गुण पडतात. सातच का? सहा का नाहीत, नऊ का नाहीत?

न्यायदर्शनात दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेल्या अनुमानाचे पाच अवयव असतात : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. 'डोंगरावर अग्नी आहे' एवढं म्हणून भागत नाही. 'कारण धूर दिसतो' हेही सांगावं लागतं. आपला परीक्षक मात्र प्रतिज्ञा करून मोकळा होतो. हेतू त्याच्या डोक्यातच राहतो.

कुणी म्हणेल, सर, अनुभवी माणसाला नजर असते. असते ना! पण 1912 साली अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी इंग्रजीचा एकच पेपर शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतला. त्याला मिळालेल्या गुणांत शंभरापैकी तीसहून अधिक गुणांचं अंतर निघालं. नजरा अनुभवीच होत्या.

2011 साली सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहण्याचा हक्क मान्य केला. चांगलं झालं. पण मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या एखाद्या मुलीने अर्ज करून झेरॉक्स मागवली, तर तिला दिसतं काय? लाल शाईतला तोच आकडा. चूक विचारात होती की भाषेत, हे कळत नाही. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली ही मुलगी स्वतःच्या शब्दांत लिहिते आणि सातावर अडकते; शेजारचा गाईड पाठ करून अकरा नेतो. पुढच्या वर्षी तीही गाईड घेते. मग आपणच म्हणतो, पोरं विचार करत नाहीत!

यावर बहुपर्यायी प्रश्नांचा उपाय सुचवतात. त्यात गुणांचा वाद मिटतो, पण मुलाला स्वतःचा युक्तिवाद मांडायला जागाच उरत नाही. मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये संगणकाच्या पडद्यावर तपासणी केली. निकाल रखडले, कुलगुरूंना पद गमवावं लागलं. आणि सगळं सुरळीत झालं असतं, तरी यंत्राने बेरीज बिनचूक केली असती, कारण सांगितलं नसतं.

गठ्ठे मोठे, वेळ थोडा, ही परीक्षकांची अडचण खरीच आहे. म्हणून सुरुवात अंतर्गत मूल्यमापनापासून करावी. तिथे शिक्षक आपला, विद्यार्थीही आपलेच. प्रत्येक निबंधाखाली दोन ओळी लिहाव्यात : काय पटलं, आणि हेतू कुठे कमी पडला.

आपल्या प्रश्नपत्रिकेत छापलेलं असतं, 'सकारण स्पष्ट करा'. ते तपासणाऱ्यालाही लागू व्हावं, एवढंच माझं म्हणणं. आता तुमचे प्रश्न घेऊ.