देव ‘अज्ञान’ कसा?

गेल्या चैत्रात जोतिबाच्या डोंगराखालून जाताना आमच्या धर्मग्रामातील एक महाविद्यालयीन तरुण बसमध्ये माझ्या शेजारी होता. बाहेर गुलालाने माखलेली माणसे वाडी रत्नागिरीच्या वाटेने चालली होती. ‘चांगभलं’चा गजर आत ऐकू येत होता. हातातील इंग्रजी दैनिकाच्या एका ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, “फादर, हिंदू देवता कायद्याने ‘मायनर’ असते, असे येथे छापले आहे. ही टिंगल म्हणायची का?”

टिंगल नव्हे, पण तशी शंका यावी असेच ते लिहिले होते. 1925 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने प्रमथनाथ मल्लिक यांच्या प्रकरणात मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, असे मानले. तिच्या नावे मालमत्ता राहू शकते, तिच्या नावे दावा चालू शकतो. मात्र वकीलपत्रावर सही कोणी करावी? 1967 साली विश्वनाथ विरुद्ध ठाकूर राधावल्लभजी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूर्तीची स्थिती अज्ञान बालकासारखी मानली आणि व्यवस्थापकच देवाच्या हिताविरुद्ध वागू लागल्यास भक्ताला देवाच्या वतीने उभे राहता येते, असा निर्णय दिला.

‘सारखी’ हा शब्द येथे प्राण आहे. वृत्तपत्राने तोच गाळला आणि उपमेचे विधान केले. अयोध्या प्रकरणाच्या 9 नोव्हेंबर 2019 च्या निकालात तर दाव्याच्या मुदतीपुरती ही उपमा चालणार नाही, असे न्यायालयानेच सांगितले. जिला न्यायालय स्वतः मर्यादा घालते, ती उपमा पत्रकाराने सरसकट वापरावी, हे लेखनातील आळसाचे लक्षण आहे.

मराठीत येताना अडचण वाढते. आपल्या कायद्याच्या भाषेत ‘मायनर’ला ‘अज्ञान’ म्हणतात. मुलाच्या बाबतीत आपण तो शब्द सवयीने पचवतो. देवापुढे ठेवला की तो निंदेसारखा वाटतो. ‘अल्पवयीन’ बरा. त्याच लेखातील ‘नेक्स्ट फ्रेंड’चा अर्थ आमच्या तरुणाने ‘शेजारचा मित्र’ असा लावला होता! त्यासाठी ‘वादमित्र’ हा रूढ शब्द आहे आणि माझ्या मते तो मूळ इंग्रजीहून सरस आहे. मित्र कशापुरता, हे त्यातच कळते. वास्तविक ही कल्पना आपल्याकडच्या शेतकऱ्याला परकी नाही. देवस्थान इनामाच्या सातबाऱ्यावर देवाचे नाव असते आणि ‘जमीन देवाची, आम्ही कसणारे’ असे तो सहज म्हणतो. त्याला इंग्रजी शब्दाची गरज पडली नाही.

आपण ख्रिस्ती वाचकांनी तर हसूच नये. ख्रिस्तसभेच्या 1917 च्या कायदेसंहितेतील शंभराव्या कलमाने आपल्याच संस्थारूप व्यक्तींना अल्पवयीनांच्या पंक्तीला बसवले होते. सेमिनरीत वयोवृद्ध प्राध्यापकांनी ते लॅटिन कलम वाचून दाखवले तेव्हा आम्ही हसलो होतो. त्यांनी शांतपणे विचारले, “या बालकाचे रक्षण कोणापासून करायचे आहे?” वर्गात उत्तर कोणाला सुचले नाही. 1983 च्या संहितेनुसारही धर्मग्राम ही कायदेशीर व्यक्ती आहे (कलम 515) आणि तिच्या वतीने धर्मगुरू व्यवहार पाहतो (कलम 532). आज हिशेबाच्या वहीवर सही करताना ते उत्तर मला ठाऊक असते: माझ्यापासून.

‘ॲक्ट ऑफ गॉड’ या शब्दप्रयोगावर मात्र माझा खरा राग आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर विम्याच्या बोलण्यात तो पुष्कळांच्या कानी पडला. घर वाहून गेलेल्या माणसाला ‘ही देवाची करणी’ असे कागदावर सांगणे धर्मालाही मान्य नाही. मराठीने ‘अस्मानी’ आणि ‘सुलतानी’ अशी वाटणी कधीच करून ठेवली आहे. त्यात देवावर आरोप नाही आणि राज्यकर्त्याची सुटकाही नाही.

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. त्यामुळे असे शब्द आता आपल्या घरच्या वृत्तपत्रांत अधिक येतील. त्या तरुणाने उतरण्यापूर्वी दैनिकाच्या समासात पेन्सिलीने ‘सारखी’ एवढेच लिहिले आणि अंक मला देऊन तो गर्दीत मिसळला.