अरुणा शानबाग प्रकरण : दयामरणाच्या चर्चेत मागे पडलेला कामाच्या जागेचा प्रश्न

प्रास्ताविक

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी संध्याकाळी मुंबईतील परळ येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या तळघरात अरुणा शानबाग या परिचारिकेवर हल्ला झाला. हल्लेखोर त्याच रुग्णालयातील सफाई कामगार होता. त्याने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळून अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायूपुरवठा खंडित झाल्याने त्या पुन्हा पूर्ववत शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. सुमारे ४२ वर्षे त्या ज्या रुग्णालयात नोकरीला होत्या, त्याच रुग्णालयात रुग्ण म्हणून राहिल्या.

या घटनेवर मराठीत व इंग्रजीत विपुल लेखन झाले. दत्तकुमार देसाई यांचे ‘कथा अरुणाची’ हे नाटक, पिंकी विराणी यांचे १९९८ मधील इंग्रजी पुस्तक आणि सर्वोच्च न्यायालयाचे २०११ चे निकालपत्र हे त्यातील महत्त्वाचे टप्पे होत. मात्र या प्रकरणाची जी प्रतिमा समाजमनात रुजली, ती दयामरणाच्या वादाची आहे. एक परिचारिका आपल्या कामाच्या ठिकाणी असुरक्षित का होती, हा मूळ प्रश्न त्या प्रतिमेत जवळजवळ दिसत नाही. प्रस्तुत लेखात पुस्तक, निकालपत्र व त्यानंतरचे कायदे यांचे या दृष्टीने परीक्षण केले आहे.

घटनेचा पहिला अर्थ

या घटनेचा पहिला आणि अधिक अचूक अर्थ लावला तो परिचारिकांनी. हल्ल्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी संप पुकारला. अरुणा शानबाग यांना योग्य उपचार मिळावेत या मागणीबरोबरच स्वतःच्या कामाची परिस्थिती सुधारावी, अशीही त्यांची मागणी होती. म्हणजेच एका व्यक्तीवरील आघात व सर्वांच्या सेवेची परिस्थिती या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत.

घटनेचे तपशील पाहता हा अर्थ योग्य ठरतो. शानबाग तळघरात गेल्या होत्या त्या कपडे बदलण्यासाठी. हल्लेखोर बाहेरचा नव्हता. त्याला इमारतीची आणि कर्मचाऱ्यांच्या वेळांची माहिती होती. हल्ला संध्याकाळी झाला आणि त्या सापडल्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठच्या सुमारास, तेही एका सफाई कर्मचाऱ्याच्या दृष्टीस पडल्यामुळे. कपडे बदलण्याची जागा, सहकाऱ्यापासून असलेला धोका आणि पाळी संपलेल्या कर्मचाऱ्याची विचारपूस करणाऱ्या व्यवस्थेचा अभाव, हे तिन्ही मुद्दे रुग्णालयाच्या दैनंदिन व्यवस्थापनाशी निगडित आहेत.

पुस्तक आणि निकालपत्र

विराणी यांच्या पुस्तकाचे मोल असे की, सहानुभूतीबरोबरच संस्थेच्या वर्तनाचीही नोंद त्यात आढळते. अत्याचाराचे लैंगिक स्वरूप तक्रारीत नोंदवले गेले नाही. खटला चालला तो जबरी चोरी व खुनाचा प्रयत्न या आरोपांवर, आणि हल्लेखोराला सात वर्षांची शिक्षा झाली. परंतु पुढे विराणी यांनीच दाखल केलेल्या याचिकेमुळे चर्चेचा रोख बदलला. शानबाग यांना जगवत ठेवावे की नाही, हाच प्रश्न अग्रभागी आला.

७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू व न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांच्या पीठाने ही याचिका फेटाळली. मात्र निष्क्रिय दयामरणाला विशिष्ट अटींवर मान्यता दिली. शानबाग यांच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार विराणी यांना नसून, त्यांची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचारीवर्गाला आहे, असे न्यायालयाने ठरवले. परिचारिकांच्या सेवेचा निकालपत्रात केलेला गौरव सर्वथा उचित आहे. न्यायालयापुढे नोकरदात्याच्या जबाबदारीचा प्रश्न मांडलेलाच नव्हता. त्यामुळे तो निकालपत्रात नाही, हा दोष न्यायालयाचा म्हणता येणार नाही. तरीही वाचकाच्या मनावर उमटणारा ठसा समर्पित सेवेचा राहतो. ज्या परिचारिकांनी संप करून सुरक्षिततेची मागणी केली, त्या केवळ सेवाव्रती म्हणून स्मरणात राहतात. त्यांची मागणी विसरली जाते.

कायद्यांची दिशा

महाराष्ट्रात २०१० साली वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसाचारास प्रतिबंध करणारा कायदा अस्तित्वात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. मालमत्तेच्या नुकसानीबद्दल दुप्पट भरपाई आकारता येते. या रचनेमागे एक विशिष्ट चित्र आहे : रुग्ण दगावतो, नातेवाईक चिडतात, डॉक्टरांना मारहाण होते, काचा फुटतात. हे चित्र खोटे नाही. २०१७ मध्ये धुळे येथे निवासी डॉक्टरवर झालेला हल्ला व त्यानंतरचे राज्यव्यापी आंदोलन हे त्याचे ठळक उदाहरण होय.

पण हे चित्र अपुरे आहे. या कायद्यातील हिंसेची व्याख्या कर्तव्य बजावत असलेल्या व्यक्तीभोवती बेतलेली आहे. मग पाळी संपवून कपडे बदलणारी परिचारिका कर्तव्यावर आहे की नाही? शिवाय शिक्षा हल्लेखोराला आहे. सुरक्षित खोली, उजेड व सोबत यांचे बंधन मात्र व्यवस्थापनावर नाही.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा याहून पुढे जातो. त्यात रुग्णालयांचा स्पष्ट उल्लेख असून, सुरक्षित वातावरण पुरवणे हे नोकरदात्याचे कर्तव्य मानले आहे. पीडित व्यक्ती असमर्थ असल्यास तिच्या वतीने दुसऱ्याला तक्रार करण्याचीही सोय आहे. परंतु व्यवहारात या कायद्याची ओळख तक्रार समितीपुरती राहिली, आणि तक्रार ही नेहमी घटनेनंतरच येते.

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाल्याचे उघडकीस आले. दीर्घ पाळीत ती विश्रांतीसाठी चर्चासत्राच्या खोलीत गेली होती. जानेवारी २०२५ मध्ये दोषी ठरलेला इसम पोलिसांच्या मदतीला नेमलेला स्वयंसेवक होता. तळघर व चर्चासत्राची खोली यांत ५१ वर्षांचे अंतर आहे. पण दोन्ही ठिकाणी स्त्री कर्मचाऱ्याला स्वतःची सुरक्षित जागा नव्हती आणि हल्लेखोराला आवारात वावरण्याची मुभा होती. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्ट २०२४ च्या आदेशात राष्ट्रीय कृती दल नेमताना विश्रांतीच्या खोल्यांचा अभाव, ३६ तासांपर्यंतच्या पाळ्या, अपुरी स्वच्छतागृहे व वाहतुकीची गैरसोय यांची दखल घेतली. १९७३ च्या संपातील मागणीशी या आदेशाचे नाते सरळ आहे.

निष्कर्ष

अरुणा शानबाग यांच्या कहाणीने भारतीय कायद्याला सन्मानाने मरण्याचा विचार दिला, हे तिचे योगदान निर्विवाद आहे. परंतु ती कहाणी मुळात सुरक्षितपणे काम करण्याच्या हक्काची होती. यापुढील लेखनाने व धोरणाने रक्षकांची संख्या व शिक्षेची मुदत एवढ्यावर समाधान मानणे पुरेसे नाही. परिचारिका कपडे कोठे बदलते, रात्रपाळीतील डॉक्टर कोठे झोपते, तिच्या दाराला आतून कडी आहे का, आणि ती वेळेवर परतली नाही तर ते कोणाच्या लक्षात येते, हे प्रश्न प्रत्येक रुग्णालयाला विचारले गेले पाहिजेत. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत १९७३ च्या परिचारिकांची मागणी अपूर्णच राहील.