कालामांच्या नावावर

अलीकडे आमच्याकडे परीक्षणार्थ आलेल्या एका प्रबंधात, बुद्धीला पटेल तेवढेच स्वीकारावे असा तथागतांनी कालामांना उपदेश केला, असे विधान होते. तळटीपेत एवढेच : ‘अंगुत्तरनिकाय’. अकरा निपातांच्या ग्रंथाचा असा संदर्भ देणे म्हणजे पत्त्यावर केवळ जिल्ह्याचे नाव लिहिणे होय.

स्थळ शोधणे अवघड नाही. तिकनिपातातील हे सुत्त पालि टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्तीत पहिल्या खंडाच्या १८८ व्या पृष्ठापासून आहे. प्रचलित क्रमांक ६५. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाच्या नागरी आवृत्तीत मात्र तो ६६ आहे. म्हणूनच आवृत्तीचा उल्लेख अनिवार्य ठरतो. (एकीचा क्रमांक घेऊन दुसरी चाळण्याचा प्रमाद आमच्याही हातून एके काळी घडला आहे.)

परंतु मूळ उघडल्यावर खरी अडचण दिसते. ज्या दहा आधारांवर विसंबून मत स्वीकारू नये असे तेथे सांगितले आहे, त्यांत अनुश्रव, परंपरा व पिटकप्रामाण्य यांच्याबरोबर तक्कहेतु आणि नयहेतुही आहेत. म्हणजे नुसता तर्कसुद्धा पुरेसा नाही! पुढे निकष येतो : एखादी गोष्ट कुशल की अकुशल, सदोष की निर्दोष, विज्ञजनांनी निंदिलेली की प्रशंसिलेली, आचरिल्यास हितसुखाची की अहितदुःखाची, हे स्वतः जाणावे. प्रबंधकाराच्या भावानुवादात आचरण नाही, विज्ञजन नाहीत आणि लोभ, द्वेष, मोह यांची चिकित्सा तर मुळीच नाही. शब्द सुबोध करण्यास आमची हरकत नाही. पण येथे अर्थच बदलला आणि तो तथागतांच्या नावावर जमा झाला.

हे विधान आले कोठून? मूळ पालीतून नव्हे, कोणत्या तरी दुय्यम पुस्तकातून. त्याचे नाव मात्र गाळले. हाच प्रकार भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याबाबतीत वारंवार होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना भदन्तजींनी पालि मूलस्थाने परिश्रमपूर्वक शोधून दिली. आज ती स्थळे अनेक प्रबंधांत लेखकाने स्वतः शोधल्याप्रमाणे अवतरतात. मूळ पाहिले नसेल तर ‘कौसल्यायनांवरून’ असे लिहिण्यात कमीपणा कसला? त्यांची एखादी नोंद चुकलेली असेल, तर निदान चूक कोठून आली हे वाचकास कळेल.

आम्ही ते प्रकरण परत पाठविले. सुधारित प्रतीत आवृत्ती, खंड, पृष्ठ आले होते, दहाही आधार क्रमाने दिले होते, आणि दोन तळटीपांखाली मूळ पाहता आले नाही असे स्पष्ट नमूद होते. त्या दोन टीपांसह आम्ही ते मान्य केले.