सिंधूची जबानी : ‘एकच प्याला’मधील पतिव्रतेचा पुनर्विचार

‘एकच प्याला’ या नाटकाने मराठी भाषेला एक सामान्यनाम दिले : तळीराम. एकतीस डिसेंबरच्या रात्री पोलिसांनी पकडलेल्या मद्यपींची बातमी या शब्दावाचून पूर्ण होत नाही. ज्या सिंधूसाठी तीन पिढ्यांनी थिएटरात डोळे पुसले, तिचे नाव मात्र तसे रूढ झाले नाही. दारुड्याचा विनोद बोलीत उतरला आणि त्याच्या बायकोचे दुःख रंगमंचावरच राहिले. मराठीतील या सर्वांत प्रसिद्ध पतिव्रतेला आपण नीट ओळखले आहे का, असा प्रश्न त्यामुळे पडतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करायचा आहे.

राम गणेश गडकरी यांचे निधन २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे झाले. त्यानंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची होती. सुधाकराची भूमिका गणपतराव बोडस आणि सिंधूची बालगंधर्व करीत. भरजरी शालूंसाठी ख्यातनाम असलेले बालगंधर्व या नाटकात दारिद्र्यातल्या सिंधूचे फाटके लुगडे नेसून उभे राहत. या दृश्याचा प्रभाव एवढा पडला, की सिंधू म्हणजे सोशीकपणाची मूर्ती हे समीकरण कायमचे ठरून गेले.

पुढे सिंधूवर दोन प्रकारची टीका झाली. एका पक्षाला ती आदर्श वाटली, तर दुसऱ्याला निष्क्रिय आणि स्वत्वहीन. मते उलट असली तरी दोन्ही पक्षांचे गृहीतक एकच होते : सिंधू काही करीत नाही, फक्त सोसते. संहिता वेगळे सांगते. सनद गेल्याच्या अपमानातून सुधाकर पहिला पेला उचलतो आणि त्यानंतर तो उत्तरोत्तर कर्तृत्वशून्य होत जातो. त्याच काळात सिंधू एकामागून एक निर्णय घेते. भाऊ पद्माकर मदतीला उभा असताना ती माहेरी जायला नकार देते. नवऱ्याला दिलेल्या शब्दापायी ती माहेरचा पैसाही घेत नाही. पुढे ती जात्यावर बसून दळण दळते आणि घर चालवते. या घरातला कर्ता पुरुष कोण, असे विचारले तर नाटकाच्या उत्तरार्धात उत्तर एकच येते.

माहेरचा हा तपशील लेखकाच्या योजनेतला कळीचा भाग आहे. सिंधूचे माहेर सुस्थितीत आहे, भाऊ प्रेमळ आहे, आणि रामलालसारखा हितचिंतक जवळ आहे. म्हणजे गडकऱ्यांनी तिच्यासाठी घराचे दार मुद्दाम उघडे ठेवले आहे. ते बंद असते तर तिचे राहणे ही निव्वळ लाचारी झाली असती. दार उघडे असूनही ती राहते, म्हणून तिचे राहणे हा निर्णय ठरतो. शोकांतिकेला अशा निर्णयाची गरज असते. सुधाकर दुबळेपणामुळे नष्ट होतो, तर सिंधू स्वतःच्या बळामुळे. दिलेला शब्द न मोडणे हे तिचे सामर्थ्य आहे आणि तेच तिचा घात करते.

बीड जिल्ह्यात बसून हे नाटक वाचताना हा मुद्दा अधिक टोचतो. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा येथील ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागलेल्या असतील. या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून मिळणारी उचल जोडीच्या नावावर असते आणि ती जोडीनेच फेडायची असते. नवरा प्यायला, त्याने हात उगारला, तरी बाईला कोपीतून उठून जाता येत नाही. कोयता मोडला तर उचल फिटत नाही. तीही पहाटे उठते, मोळ्या वाहते, लेकराला घास भरवते. गावाकडे तिलाही ‘सोशीक’, ‘पतिव्रता’ म्हटले जाते. परंतु सिंधूपुढे जे दार होते ते या बाईपुढे नाही. निवडलेल्या निष्ठेचे नाव लादलेल्या सक्तीला दिले, की सक्ती दिसेनाशी होते. सिंधूच्या कौतुकाचा सर्वांत मोठा तोटा हाच झाला आहे.

आता नाटकातल्या सर्वांत अवघड जागेकडे येऊ. नशेत सुधाकराच्या हातून मूल जाते आणि सिंधूही प्राणघातक जखमी होते. प्रकरण पोलिसांपर्यंत पोहोचते, तेव्हा ती नवऱ्यावर दोष येऊ देत नाही. आपण पडलो म्हणून लागले, असे सांगते. आयुष्यभर सत्याने वागलेली स्त्री मरताना खोटे बोलते. नाट्यदृष्ट्या ही जबानी अत्यंत प्रभावी आहे. तिच्यामुळे कायदा बाजूला होतो आणि सुधाकर एकटा स्वतःच्या अपराधासमोर उरतो. त्याला शिक्षा देणारा बाहेरचा कोणी राहत नाही. विष कालवलेला शेवटचा प्याला तो स्वतःच घेतो. क्षमा ही फाशीपेक्षा कठोर ठरू शकते, हे गडकऱ्यांनी येथे दाखवले आहे.

परंतु रंगमंचावर जी क्षमा सुधाकराला पश्चात्तापापर्यंत नेते, ती प्रत्यक्षात बहुधा पुरुषाला मोकळे सोडते. ‘स्टोव्हचा भडका उडाला’, ‘पाय घसरून विहिरीत पडले’ ही वाक्ये महाराष्ट्रातल्या किती रुग्णालयांत आणि किती पंचनाम्यांत उमटली असतील! मृत्युपूर्व जबाबाला न्यायालयात मोठे वजन असते. १९८३ साली भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले, २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला. जबानी देणारी बाईच ‘मी पडले’ म्हणाली तर या कायद्यांचे हात तिथेच लंगडे पडतात. आणि ती तसे म्हणते याचे कारण नेहमीच प्रेम नसते. मागे राहणारी लेकरे कोणाच्या पदरात टाकायची, ही चिंताही असते.

याचा दोष गडकऱ्यांना द्यावा काय? तसे करणे अन्यायाचे होईल. त्यांनी सिंधूशेजारी गीता उभी केली आहे. ती तळीरामाची बायको. फटकळ, नवऱ्याच्या व्यसनावर तोंडावर बोलणारी. हसवण्यासाठी आणलेले पात्र म्हणून आपण तिला विसरतो. पण दारुड्याच्या घरात खरे बोलणारा आवाज तिचाच आहे. एकाच नाटकात एक स्त्री नवऱ्यासाठी खोटे बोलते आणि दुसरी त्याच्यासमोर खरे बोलते. प्रेक्षकांनी पहिलीला देव्हाऱ्यात बसवले आणि दुसरीला हशात घालवले. ही निवड नाटककाराची नसून आपली आहे.

पुढे १९७० साली आलेल्या वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये या दोघी काही अंशी एकत्र आलेल्या दिसतात. कावेरी अप्पा बेलवलकरांवर तितकीच निष्ठा ठेवते. पण सगळे मुलांना देऊन टाकण्यातला धोका ती वेळेवर बोलून दाखवते. तिच्या पातिव्रत्यात मतभेदाला जागा आहे. मधल्या पन्नास वर्षांत मराठी नाटकातली पत्नी एवढी पुढे आली.

आज गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी महिलांच्या मतदानाची तरतूद आहे. ‘आडवी बाटली’ या चिन्हापुढे शिक्का मारणारी बाई गीतेच्या वंशातली आहे. सिंधूला मात्र नाकारण्याचे कारण नाही. तिचा निर्धार, तिचे कष्ट, शब्दाला जागण्याची तिची ताकद हे सारे आपल्या बायकांत आजही आहे. तिच्याकडून तेवढे घ्यावे. तिची जबानी तेवढी घेऊ नये.