बाळाशी आपण खरंच स्पष्ट बोलतो का?

बाळाशी बोलताना आपला आवाज चढतो, शब्द लांबतात, हे ठीक. पण उच्चार स्पष्ट होतात का? पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांचा १९९७चा 'सायन्स'मधला पेपर म्हणतो, होतात. अमेरिका, रशिया, स्वीडनमधल्या आयांचे 'ई', 'आ', 'ऊ' मोजले, तर बाळाशी बोलताना ते एकमेकांपासून जास्त लांब गेलेले दिसले. तीन भाषा, एकच कल. निकाल देखणा आहे. पण त्यावरून 'म्हणून बाळाला ध्वनी शिकणं सोपं जातं' अशी उडी घेतली जाते, तिथे तुम्ही थांबा.

मोजलं काय? टोकाच्या तीन स्वरांच्या सरासरींमधलं अंतर. आता समजा, दोन गावं एकमेकांपासून लांब सरकली, पण दोन्ही पसरलीसुद्धा. मग वेशी लांब गेल्या की जवळ आल्या? नुसती सरासरी हे सांगत नाही. २०१५मध्ये अँड्र्यू मार्टिन आणि सहकाऱ्यांनी जपानी आयांच्या बोलण्यातले बरेच ध्वनिभेद तपासले, तर बाळाशी बोलताना ते सरासरीने किंचित कमीच स्पष्ट निघाले.

मराठीत तर आपण भेद मुद्दाम पुसतो! 'काय कलतोय माझा लाजा?' म्हणताना र गेला की ल मध्ये. (अशोक केळकरांनी मराठी बालबोलीवर १९६४मध्येच 'वर्ड' या नियतकालिकात लिहिलंय. शोधून वाचा.)

बाळांना असं बोलणं जास्त आवडतं, याला मात्र पुरावा भक्कम आहे: २०२०च्या 'मेनीबेबीज' प्रयोगात ६७ प्रयोगशाळा, २,३२९ बाळं. पण आवडणं वेगळं, शिकणं वेगळं. आणि तिथेही सगळ्यांना ऐकवलं ते उत्तर अमेरिकी इंग्रजीच.