शिकवणी, शिकवण आणि ‘श्यामची आई’

मराठीत ‘शिकवणे’ हे क्रियापद किती कामे करते पाहा! शाळेत बाई गणित शिकवतात. कोणी आगाऊपणा करू लागला की आपण ‘मला शिकवू नकोस’ म्हणतो. एखाद्याची खोड मोडायची तर त्याला ‘धडा शिकवतो’ आणि मूल अडचणीचे बोलले की ‘कुणी शिकवून पाठवलं?’ असे विचारतो. पैसे मोजून मिळते ती शिकवणी, घरात नकळत मिळते ती शिकवण. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आपल्याकडे मात्र त्याच शब्दाचा अर्थ दंड!

हे सगळे अर्थ एकाच पुस्तकात पाहायचे असतील तर साने गुरुजींची ‘श्यामची आई’ पुन्हा उघडावी. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला पुढच्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. परदेशी येताना बॅगेत ज्ञानेश्वरीच्या शेजारी हे पुस्तक ठेवणारी घरे आपल्यातही आहेत. पण आपण ते मुलांच्या हाती देतो ते बहुधा ‘संस्काराचे औषध’ म्हणून, आणि मुले ते औषधासारखेच तोंड वाकडे करून घेतात.

माझ्या मते दोष मुलांचा नाही. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि त्यांच्यातला शिक्षक लेखकाला स्वस्थ बसू देत नाही. प्रसंग सांगून झाला की श्याम त्याचे तात्पर्यही समजावू लागतो, डोळे पुसू लागतो. तिथे शिकवण संपते आणि शिकवणी सुरू होते.

पण जिथे तो थांबतो तिथे पुस्तक फार उंचीवर जाते. ‘अळणी भाजी’ आठवा. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील चकार शब्द न काढता, उलट भाजीची तारीफ करत जेवतात आणि मुलेही जेवतात. आई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिला चूक कळते. कुणाचेही मन न दुखवणे म्हणजे काय, हे मुलांना त्या पानावरून उपदेशाशिवाय कळते.

त्याच प्रसंगात इथे वाढलेले मूल एक प्रश्न हमखास विचारील: ‘आई सगळ्यांच्या शेवटी का जेवते?’ पुस्तकाला हा प्रश्न पडलेला नाही. पोहायला जायच्या भीतीने लपलेल्या श्यामला आई झोडपून काढते आणि नंतर तिचाच जीव कळवळतो, हेही इथल्या मुलांना सहज पचणारे नाही. शिक्षण आणि शिक्षा इथे एकमेकांत मिसळून गेली आहेत. मुलगा भित्रा म्हणवला जाऊ नये ही आईची तळमळ खरी. पण तळमळ खरी आहे म्हणून मार योग्य ठरत नाही, हे मुलांसमोर मान्य करायला आपण कचरतो. त्याने आईचा मोठेपणा कमी होईल अशी आपल्याला धास्ती वाटते.

होत नाही. गरिबीने पिचलेली, कर्जाने अपमानित झालेली ही कोकणातली बाई देवपण दिल्यावर दूर जाते, आणि माणूस म्हणून पाहिली की जवळ येते. म्हणून माझी विनंती एवढीच, की हे पुस्तक मुलांना नुसते देऊ नका, त्यांच्यासोबत बसून वाचा. श्यामही संध्याकाळी आश्रमातल्या सोबत्यांना गोष्टी सांगतो, म्हणजे मुळात ही एकत्र बसून ऐकायचीच गोष्ट आहे. तात्पर्याच्या ओळी आल्या की थोडे थांबा आणि आधी मुलांना बोलू द्या. त्यांनी आईची बाजू घेतली तर उत्तम. तिच्याशी भांडण काढले तर अधिक उत्तम, कारण मग ती त्यांच्याही घरातली झालेली असेल.